दुकानाची राखण (भाग ६) : शेजारचा गाळा

मागच्या आठवड्यात शटरचं पाहिलं. सेंटर लॉक बसलं, दोन्ही बाजूंना अडसर आले, पहार घालून उचकटायला फट उरली नाही. दुकानदार निर्धास्त झोपतो आणि चोर भिंतीकडे वळतो.

जुईनगरची चोरी अनेकांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१७. नवी मुंबईतल्या एका इमारतीत तळमजल्यावर बँक ऑफ बडोदाची शाखा, आणि त्याच इमारतीत काही महिन्यांपूर्वी भाड्याने घेतलेल्या गाळ्यात एक जनरल स्टोअर. वर दुकान, खाली खोदकाम. भुयार थेट लॉकरच्या खोलीत निघालं आणि सुमारे ३० लॉकर फोडले गेले. दुसरा शनिवार आणि रविवार, अशी बँकेला सलग सुट्टी. बोभाटा झाला तो सोमवारी, १३ तारखेला.

पेठेतल्या आपल्या दुकानासाठी एवढे कष्ट कोणी घेणार नाही. तिथे भगदाड पुरतं. दोन गाळ्यांमधली भिंत बऱ्याचदा अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची असते. ती जागा विभागायला बांधलेली, कोणाला अडवायला नव्हे. छिन्नीने सांध्यातला माल काढला, एक वीट निघाली, की शेजारच्या विटा हाताने येतात. दीड फुटाच्या भोकातून सडपातळ माणूस सहज आत. त्यातून आपण त्या भिंतीवर प्लायवूड ठोकतो, वर सनमायका, पुढे शोकेस. मूळ भिंत वर्षानुवर्षं नजरेलाच पडत नाही. आणि तिजोरी नेमकी तिलाच टेकवलेली.

एकदा शिडी लावून फॉल्स सीलिंगच्या वर डोकावून बघाच. काही मार्केटांत मधली भिंत तिथवरच येऊन थांबते, वर छपरापर्यंत सगळं मोकळं. असं असेल तर भिंत फोडायचीही गरज नाही.

सगळा गाळा काँक्रीटचा करणं परवडणार नाही. तिजोरीमागच्या भिंतीला तरी वेल्डमेश मारून काँक्रीटचा थर द्या, तिजोरी खाली बोल्टने जखडा. दाराचा अलार्म दार उघडल्यावरच वाजतो, त्याला भिंतीचे ठोके कळत नाहीत. त्यासाठी कंपन ओळखणारा सेंसर वेगळा मिळतो. कॅमेऱ्यांचं म्हणाल, तर चोर जाताना डीव्हीआर काखेत मारून नेतात. रेकॉर्डिंगची प्रत दुकानाबाहेर साठत नसेल, तर कॅमेरे नुसते शोभेचे.

खरा पहारा मात्र मार्केटमधल्या लोकांचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तरी किती गाळे आजही तोंडी बोलीवर जातात! शेजारी नवा भाडेकरू आला, गिऱ्हाईक दिसत नाही, शटर अर्धं ओढलेलं आणि रात्री ‘फर्निचरचं काम’ चालू, तर गाळामालकाला फोन करायला लाजू नका. व्यापारी संघाकडे प्रत्येक गाळेधारकाचं नाव आणि नंबर हवा, बंद गाळ्यांच्या मालकांचाही.

आणि भगदाड पडलंच, तर पंचनामा होईपर्यंत एकही वीट हलवू नका. घरफोडीच्या विम्याचा दावा बळजबरीच्या खुणांवर उभा राहतो. पॉलिसीत तशी अट असेल तर बळजबरीविना झालेली चोरी त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं आहे. मग नोकराने डुप्लिकेट किल्लीने शटर उघडून माल नेला तर? ते पुढच्या भागात.