जुन्या पिकअपचे सुटे भाग मापाने शोधावेत

यवतमाळ, वणी, पुसद किंवा पांढरकवड्याच्या गॅरेजलाइनीत जीपच्या घराण्यातली एखादी जुनी महिंद्रा पिकअप वर्षानुवर्षे उभी दिसते. टायर बसलेले, हौद्याचा पत्रा खालून खाल्लेला. खताची पोती वाहिलेल्या गाडीचा पत्रा तर लवकरच जातो, कारण सांडलेला युरिया हवेतला ओलावा धरून ठेवतो. ती दुरुस्त का होत नाही, याचे उत्तर ठरलेले असते: पार्ट मिळत नाही. हे अर्धेच खरे आहे. गाडीचे नाव सांगून पार्ट मिळत नाही, कारण त्या नावाच्या गाडीचा साठा दुकानदाराने कधीच मोडीत काढलेला असतो. तोच भाग माप आणि नंबर सांगून मागितला, तर बऱ्याचदा शेजारच्या दुकानात निघतो. गाडी उभी करण्याचे काम म्हणूनच पान्याआधी व्हर्नियरने सुरू व्हायला हवे.

याचे कारण या गाडीच्या जन्मातच आहे. महिंद्राने 1949 मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशके त्याच सांगाड्यावर जीप, स्टेशन वॅगन, पिकअप अशी भावंडे काढली. अमेरिकेत जे मॉडेल 1968 मध्ये संपले, त्याचा वंश आपल्याकडे एकविसाव्या शतकापर्यंत चालला. बाहेरचा पत्रा एकसारखा दिसला, तरी आतले इंजिन मात्र बदलत गेले. आधी विलीजचे पेट्रोल हरिकेन, 134 घनइंचांचे. मग डिझेल आले ते ट्रॅक्टरच्या घरातून. गॅरेजवाले ज्याला ‘इंटरनॅशनल’ म्हणतात ते हेच, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-275 ट्रॅक्टरच्या इंजिनाचे भावंड. त्यानंतर प्युजोच्या परवान्याचे 2112 सीसीचे डिझेल. त्यातही मधल्या काळात पेट्रोल महाग झाले म्हणून अनेक मालकांनी इंजिने बदलून घेतली. त्यामुळे आरसी बुकावर लिहिलेले मॉडेल आणि बॉनेटखाली बसलेले यंत्र यांचा मेळ बसेलच असे नाही. इंजिन ‘इंटरनॅशनल’ निघाले, तर पिस्टन, रिंग, लायनरसाठी कारच्या दुकानात हिंडण्यात अर्थ नाही. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा माणूस हवा, आणि कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात तसा माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावी आहे.

बेअरिंगचे उदाहरण घ्या. त्याच्या कडेवर कोरलेला 6205 हा आकडा म्हणजे आतला व्यास 25, बाहेरचा 52 आणि जाडी 15 मिलिमीटर. ते शेतीपंपाच्या मोटारीत बसो की आणखी कशात, माप जगभर तेच. विलीज वंशाच्या चाकाचे टेपर बेअरिंग 18590 आणि त्याची बाहेरची कडी 18520, ही जोडी अजूनही नंबरावर मागवता येते. ऑइल सीलचेही तसेच, आतून, बाहेरून आणि जाडी अशी तीन मापे पुरतात. फसगत होते ती नट-बोल्टांत. विलीजचा सांगाडा इंची, प्युजोचे इंजिन मिलिमीटरचे, म्हणजे एकाच गाडीत दोन भाषा. 5/16 इंची बोल्ट 7.94 मिलिमीटरचा, आणि त्याच्या भोकात 8 मिलिमीटरचा बोल्ट एक-दोन आटे सहज जातो. मग अडतो. घाईचा कारागीर पाना जोरात ओढतो आणि भोकातले आटे कायमचे जातात. इथे आट्यांचा गेज हातात असला, तर मोठा खर्च वाचतो.

जे नंबरावरही मिळत नाही ते लेथवर होते. बुश, पिना, शाफ्टच्या झिजलेल्या जागा, स्प्रिंग पाट्यांचे बोल्ट ही लेथची नेहमीची कामे आहेत. जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांवर आणि वणी भागातल्या कोळशाच्या वाहतुकीवर पोसलेल्या वर्कशॉपना ती नवी नाहीत. ‘परदेशी बनावटीचे जुने यंत्र कंपनीच्या पार्टशिवाय चालत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी याच जिल्ह्यातली शकुंतला रेल्वे आठवावी. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेले वाफेचे इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर धावले. सात दशके केवळ विलायतेहून आलेल्या पार्टवर कोणतेही इंजिन धावत नाही. रेल्वेच्या वर्कशॉपांत भाग घडवण्याची रीतच होती.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढी मापे घेण्यापेक्षा मुंबईत कुर्ल्याला नाहीतर नागपूरच्या भंगार बाजारात जाऊन अख्खे इंजिनच का आणू नये? पत्रा, दरवाजे, मूठ, डॅशबोर्ड यांसाठी भंगार बाजार उत्तमच, कारण या वस्तू मापावर मिळत नाहीत. इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यावर नंबर असतो आणि तो आरसीवर चढलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मूळ मालकाची कागदपत्रे नसलेले इंजिन कितीही चांगले वाजत असले तरी आरटीओच्या दारात ते अडते. त्यापेक्षा आपलेच इंजिन बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालणे आणि क्रँक ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग बसवणे शहाणपणाचे. हे काम यवतमाळला नाही जमले, तर अमरावती-नागपूरला होते.

दुसरा आक्षेप शौकिनांचा: लेथवरचे भाग घातले की गाडी ‘ओरिजिनल’ राहत नाही. केंद्राच्या 2021 च्या व्हिंटेज नियमांच्या नजरेने पाहिले तर यात तथ्य आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, मोठा फेरबदल न झालेली गाडीच त्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि ती गाडी धंद्याला किंवा रोजच्या वापराला चालत नाही. पण मालवाहू पिकअपने नव्याने घातलेल्या पाट्यांवर आणि बदललेल्या बुशांवरच आयुष्य काढलेले असते. तिच्यात कारखान्यातून निघाल्या दिवसाची शुद्धता शोधणे मला हट्टाचे वाटते.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र बिनतोड आहे, आणि तिथे मापाचा नियम सैल न करता कडक करायला हवा. ब्रेकचे सिलिंडर, होज, स्टिअरिंगचे बॉलजॉइंट लेथवर करून घेऊ नयेत. ते नवे आणि खात्रीचेच हवेत. टायरमध्ये तर माप जुळूनही धोका राहतो. जुन्या जीपचे 6.00-16 हेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे, आणि तो टायर रिमवर छान बसतो. पण तो शेतातल्या संथ चालीसाठी बनलेला असतो. पांढरकवड्याहून नागपूर-हैदराबाद महामार्गाला लागलेल्या गाडीखाली तो नको. समोरची काच सपाट असल्याने कापून मिळते, पण ती लॅमिनेटेडच घ्यावी. खिडकीची साधी काच स्वस्त पडते म्हणून बसवू नये.

राहिला खर्च. रोजच्या भाड्यासाठी गाडी हवी असेल तर हा हिशेब जमत नाही, हे सरळ मान्य करावे. दरवर्षीची फिटनेस तपासणी, पीयूसी आणि जुन्या इंजिनाचा धूर सांभाळण्यापेक्षा नवी गाडी परवडते. स्वतःच्या शेतातल्या अधूनमधूनच्या फेरीसाठी किंवा घराण्याची वस्तू म्हणून ठेवायची असेल, तरच हात घालावा. तेव्हाही पहिला खर्च पार्टवर करू नये. तारेच्या ब्रशने चासी हलक्या हाताने साफ करावी, नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा आणि तो आरसीशी ताडून पाहावा. आकडे गंजाने गेले असतील तर आधी आरटीओकडे अर्ज. तिथे नकार मिळाला, तर त्या गाडीचे दरवाजे, काच आणि गिअरबॉक्स शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या पिकअपला देता येतात.