संगणकीय लेखनातील अदृश्य चिन्हे : देवनागरी आणि गोंडी

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत मराठीच्या जोडीने गोंडी भाषा आणि तिची माडिया ही बोली नांदते. येथील स्थलनामे, लोककथा व शब्दसंग्रह संगणकावर साठविताना लेखनाच्या एका उपेक्षित घटकाचा विचार करणे आवश्यक ठरते. ज्यांना संकेतांक आहे, परंतु आकार नाही, अशी चिन्हे म्हणजे हा घटक होय.

संगणक अक्षर साठवीत नाही. तो अक्षराचा क्रमांक साठवितो. १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेताच्या प्रचलित रूपात १२८ स्थानांपैकी ३३ स्थाने नियंत्रक चिन्हांकडे आहेत. दूरमुद्रकाला आज्ञा देणे हे त्यांचे मूळ कार्य. उदाहरणार्थ, १० हा क्रमांक कागद एक ओळ पुढे सरकवी, तर १३ हा मुद्रणयंत्रणेस ओळीच्या आरंभी आणी.

देवनागरीत ही गरज निराळ्या कारणाने उद्भवली. हलन्तचिन्हाकडे येथे दोन कार्ये आहेत : व्यंजनाचा पाय मोडलेला दाखविणे आणि पुढील व्यंजनाशी त्याचा संयोग घडविणे. यांपैकी कोणते कार्य अभिप्रेत आहे, हे संगणकास कळावे कसे? १९९१ च्या इस्की या भारतीय मानकाने हलन्त दोनदा लिहून पाय मोडण्याची, आणि हलन्तापुढे नुक्ता देऊन अर्धे रूप मिळविण्याची सोय केली. युनिकोडने त्यासाठी दोन अदृश्य चिन्हे योजिली : वियोजक, क्रमांक ८२०४, आणि जोडक, क्रमांक ८२०५. ‘एटापल्ली’ या नावातील हलन्तापुढे वियोजक घातल्यास पहिल्या ‘ल’चा पाय मोडलेला दिसतो, गाव मात्र तेच राहते.

तथापि सर्वत्र अशी स्थिती नाही. भामरागडच्या ‘दऱ्या’ आणि समुद्रवाचक ‘दर्या’ हे भिन्न शब्द आहेत. ‘दऱ्या’ दोन प्रकारे साठविता येतो. एका प्रकारात ‘ऱ’चा स्वतंत्र क्रमांक २३५३ व त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, क्रमांक २३५२, त्यापुढे हलन्त आणि मग जोडक असतो. मुद्रित रूप एकच. परंतु पहिल्यात पाच क्रमांक, दुसऱ्यात सहा. केवळ क्रमांक ताडून पाहणाऱ्या शोधास एकच शब्द दोन वाटतो.

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे अदृश्य चिन्हे वगळणे. युनिकोडच्या वर्णक्रमविषयक नियमांतही ही दोन्ही चिन्हे दुर्लक्षणीय मानली आहेत. परंतु जोडक वगळताच दुसऱ्या प्रकारे लिहिलेली ‘दऱ्या’ ‘दर्या’ होऊन बसते. एका पद्धतीत अभिन्न शब्द भिन्न ठरतात, तर दुसरीत भिन्न शब्द अभिन्न.

गोंडीचा दाखला या ठिकाणी बोधप्रद आहे. महाराष्ट्रात ती बहुधा देवनागरीत लिहिली जाते. परंतु बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली तिच्यासाठी स्वतंत्र लिपी रचिली. २०१७ साली युनिकोडमध्ये तिचा समावेश झाला, तेव्हा हलन्ताची दोन कार्ये दोन चिन्हांत विभागण्यात आली. ७३०२८ हे दृश्य हलन्त; ७३०२९ हे संयोग घडविणारे, स्वतः न दिसणारे चिन्ह. हे अदृश्य चिन्ह लिपीचा अंगभूत घटक असल्याने ते वगळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

यावरून असे दिसते की, चिन्ह अदृश्य आहे म्हणून ते निरर्थक ठरत नाही. ज्याने केवळ रूप बदलते, ते शोधात वगळावे. ज्याने अर्थ बदलतो, ते जपावे. म्हणून मराठी शब्दसंग्रहात जोडक काढून टाकण्यापूर्वी साधा ‘र’, हलन्त व जोडक हा क्रम आढळेल तेथे ‘ऱ’ व हलन्त योजणे इष्ट होय. अन्यथा डोंगराळ प्रदेशाच्या नोंदीत दऱ्यांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाच्या हाती समुद्र लागावयाचा!