'माझी मैना' नुसतं प्रेमगीत नाही

परवा मित्राच्या गाडीत अण्णा भाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लागली. मागे बसलेला त्याचा मुलगा म्हणाला, "काका, हे लव्ह साँग ना?"

अर्धं बरोबर!

पोटासाठी मुंबईत आलेला गडी गावी राहिलेल्या कारभारणीचं रूप आठवतो. विरह, मग मुंबईतली श्रीमंती आणि कष्टकऱ्यांचे हाल. आणि शेवटी गाणं वळण घेतं: मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांगसारखा दुरावलेला मुलूख! संयुक्त महाराष्ट्राची अख्खी मागणी एका विरहगीतात. माझ्या मते त्या काळातल्या कुठल्याही भाषणापेक्षा हे सरस.

अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये 'लाल बावटा' कलापथक काढलं होतं. अमर शेखांचा पहाडी आवाज जुन्या ध्वनिमुद्रणातही अंगावर येतो.

आपल्या काळातल्या घटना गाण्यातून मांडायची ही रीत जुनीच. अफजलखान वधावर अज्ञानदासाने त्याच काळात पोवाडा रचला. पुढे अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी असे पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापले. (हे अ‍ॅक्वर्थ साहेब मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर, बरं का!)

'माझी मैना'तली मागणी मात्र अर्धीच पुरी झाली: १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार बाहेरच राहिले.

तुमच्या घरी कुणाला चळवळीतली गाणी पाठ असतील तर आधी फोनवर रेकॉर्ड करा. काही विचारायचं असेल तर खाली लिहा.