परिचारिकेचा पहिला रोगी

रुग्णालयांत आपलें माणूस ठेवलें म्हणजे त्याच्या खाटेशीं रात्रंदिवस वावरते ती परिचारिका. सुई तीच टोंचते, कूस तीच बदलविते, ताप तीच पाहते. तिच्या सराईत हालचालींकडे पाहतांना एक प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं : या मुलीनें पहिली सुई कोणाच्या दंडांत टोंचली असेल? कोणाच्या तरी दंडांत ती टोंचावी लागणारच. शिकलेला हात घेऊन कोणी जन्माला येत नाहीं.

या प्रश्नाचें जुनें उत्तर फारसें भूषणावह नाहीं. पाश्चात्य देशांत काय किंवा आपल्याकडे काय, नवशिक्या हातांचा सराव बहुधा धर्मादाय खाटेवरच्या गरिबावर होत असे. पैसे मोजणाऱ्याकडे अनुभवी हात जात. ज्याला तक्रार करण्याची सोय नव्हती, त्याच्या देहावर विद्या गिरविली जाई. शिकणारीला दोष देण्याचें कारण नाहीं. तिच्यापुढें दुसरा मार्गच नव्हता. तो मार्ग कसा निघाला, त्यानें काय साधतें आणि काय साधत नाहीं, हें आज श्रोत्यांना सांगावयाचें आहे.

मार्ग निघाला तो बाहुलीपासून. फ्लॉरेन्स लीस या इंग्रज परिचारिकेनें १८७४ सालच्या आपल्या पुस्तकांत, शुश्रूषा शिकविणाऱ्या शाळेजवळ पट्ट्या बांधण्याच्या सरावासाठीं हातापायांचे नमुने आणि एक यांत्रिक पुतळा असावा, असें सुचविलें होतें. प्रत्यक्षांत पुष्कळ ठिकाणीं काम भागे तें पेंढा भरलेल्या गांठोड्यावर. अमेरिकेंत हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या शुश्रूषाशाळेच्या प्रमुख लॉडर सदरलंड यांना याहून बरें साधन हवें होतें. ऱ्होड आयलंड संस्थानांतील पॉटकेट येथें मार्था जेन्किन्स चेस या बाई मुलांसाठीं कापडी बाहुल्या करीत. वडील डॉक्टर, पतीही डॉक्टर. शरीराची जाण घरांतच होती. १९११ सालीं त्यांची पुऱ्या माणसाएवढी बाहुली हार्टफर्डला पोंचली. उंची सुमारें ५ फूट ४ इंच. मांडी, गुडघे आणि कोपर वळणारे. तिला ‘मिसेस चेस’ हेंच नांव पडलें. खाटेवर रोगी असतांना चादर कशी बदलावी, जड माणसाला कुशीवर कसें वळवावें, हें मुली तिच्यावर शिकूं लागल्या. १९१४ सालीं सुधारलेली बाहुली आली, तिच्या दंडांत सुई टोंचण्याची जागा होती आणि पोटांत पाण्याची छोटी टांकी होती. पुढें अनेक वर्षें परिचारिकांच्या किती पिढ्यांनीं तिला न्हाऊं घातलें असेल, याची गणती करवत नाहीं.

नंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९६० सालीं नॉर्वेंतील ॲस्मुंड लेर्डाल या खेळणीं करणाऱ्या गृहस्थांनीं तोंडानें श्वास देण्याचा सराव करण्यासाठीं ‘ॲन’ ही बाहुली आणली. तिचा चेहरा, सेन नदींत बुडाली म्हणून सांगतात अशा एका अनामिक मुलीच्या मुखवट्यावरून घेतलेला आहे. (बुडाल्याची कथा खरी कीं खोटी, हा वाद अजून आहे.) त्याच दशकांत लॉस एंजेलिस येथें डेन्सन आणि अब्राहमसन यांनीं भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शिक्षणासाठीं संगणकावर चालणारा पुतळा बांधला. तो श्वास घेई, त्याची नाडी हाताला लागे, आणि त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्याही लहानमोठ्या होत. आजचे पुतळे याच घराण्यांतले.

या पद्धतीला सिम्युलेशन म्हणतात. आपल्या घरगुती भाषेंत ती भातुकलीच. मात्र हिच्यांत लुटुपुटीचा असतो तो फक्त रोगी. पहिल्या वर्षाच्या मुलीपुढें एकदम महागडें यंत्र ठेवण्याची घाई करूं नये, असें मला वाटतें. संत्र्याच्या सालींत सुई घालून हात स्थिर व्हावा, मैत्रिणीच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहतां यावा, मग प्रसंग उभा करावा.

असा एक प्रसंग डोळ्यांपुढें आणा. दोन खाटांवर दोन बाहुल्या. दोघींचें आडनांव एकच, पहिलें नांव निराळें. गोळ्या एकीच्या. मुलगी त्या घेऊन निघते, तोंच टेलिफोन वाजतो आणि नातेवाइकाचें सोंग घेतलेली दुसरी शिक्षिका प्रश्नांची सरबत्ती लावते. त्या गडबडींत मुलगी मनगटावरची पट्टी न वाचतां भलत्याच बाहुलीला गोळ्या देते. कांचेपलीकडे बसलेली मुख्य शिक्षिका तोंडांतून शब्द काढीत नाहीं. थोड्या वेळानें पडद्यावरचा रक्तदाब उतरूं लागतो. आतां मुलीनें तें ओळखावें आणि डॉक्टरांना टेलिफोन करावा. काय सांगावें? रोगी कोण, आतां काय होत आहे, पूर्वीं काय झालें, मला काय वाटतें आणि तुमच्याकडून काय हवें, हें त्याच क्रमानें. वाचतांना सोपें, बोलतांना चांगल्या हुषार मुलीची बोबडी वळते.

खरी शाळा यानंतर भरते. प्रसंग पंधरा मिनिटांचा असला तर त्यावरचें बोलणें निदान तितकेंच, बहुधा त्याहून अधिक चालावें. काय दिसलें? तेव्हां काय वाटलें? मग तसें कां केलें? औषधापूर्वीं पट्टी वाचावी, हें त्या मुलीला पाठ असतें; तरी ती वाचली गेली नाहीं. टेलिफोन वाजतांच आपलें लक्ष ढळलें, हें तिच्याच तोंडून निघालें म्हणजे धडा झाला. शिक्षिकेनें तिला चारचौघींदेखत फैलावर घेतलें, तर पुढल्या खेपेस ती चूक टाळीलच असें नाहीं, लपवील मात्र खास. चूक लपवावयास शिकलेल्या परिचारिकेच्या हातीं आपलें माणूस देणें कोणाला आवडेल?

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणेल, बाहुलीवर शिकलेली मुलगी खऱ्या रोग्यापुढें टिकेल काय? याचा पडताळा घेतलेला आहे. अमेरिकेंतील राज्य-परिचर्यामंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनें दहा शाळांतील विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला रुग्णालयांतील तासांपैकीं फार तर १० टक्के, दुसऱ्याला २५ टक्के आणि तिसऱ्याला ५० टक्के तास अशा प्रसंगांवर दिले. २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : परवान्याच्या परीक्षेंत किंवा नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत तिन्ही गटांमध्यें म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. मात्र तेथें शिक्षक या कामांत तयार केलेले होते आणि मागाहूनचें बोलणें नियमानें होत होतें. निष्कर्षाचा पूर्वार्ध सांगणारे पुष्कळ भेटतात. ही अट सांगणारे थोडे. यंत्र विकत घेणें सोपें, शिक्षिका तयार करणें कठीण. म्हणून कोठें कोठें पुतळे आच्छादनाखालीं धूळ खात पडतात.

साधन महागच पाहिजे असेंही नाहीं. नवजात बाळाला श्वास देण्याच्या सरावासाठीं पाणी भरून वापरावयाची एक साधी बाहुली निघाली आहे. बेळगांव भागांत प्रसूति करणाऱ्या सुमारें ६०० परिचारिका, डॉक्टर इत्यादिकांना हें शिक्षण दिलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें मृत जन्मलेलीं म्हणून नोंदलेलीं बालकें शेंकडा ३ वरून २·३ वर आलीं. जन्मानंतर दगावणाऱ्या बालकांचें प्रमाण मात्र बदललें नाहीं, हेंही त्याच अभ्यासांत आहे.

बाहुलीला घाम फुटत नाहीं, तिला लाज वाटत नाहीं, रात्रीं दोन वाजतां ती आईला हांक मारीत नाहीं. ही उणीव ओळखून १९६३ सालीं लॉस एंजेलिस येथें हॉवर्ड बॅरोज यांनीं रोग्याची भूमिका शिकविलेलें जिवंत माणूसच वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुढें बसविलें. परिचारिकांच्या शाळांनींही पुढें तो मार्ग उचलला. संकोचाचे प्रश्न कसे विचारावेत, रडणाऱ्याजवळ किती वेळ गप्प बसावें, हें अशा माणसापुढेंच शिकतां येतें. भारतीय परिचर्या परिषदेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पदवीच्या सुधारित अभ्यासक्रमांतही सिम्युलेशनला स्थान दिलें आहे.

बाहुलीच्या बाबतींतही चांगली शिक्षिका एक रीत पाळावयास लावते. बाहुलीला नांव, वय आणि घरची हकीकत दिलेली असते. तिला नांवानेंच हांक मारावयाची आणि हात लावण्यापूर्वीं आपण काय करणार तें सांगावयाचें. नवीन मुली प्रथम हंसतात. पण पडदा ओढून न घेतां कोणी बाहुलीच्या अंगावरची चादर दूर केली, तर तिचे गुण कापले जातात.