चार परार्धांचा गुणाकार आणि ५५६ रुपयांचा प्रश्न

बावन्न पत्त्यांचा कॅट नीट पिसून समोर ठेवा. पत्त्यांचा जो क्रम लागला आहे, तो जगात आजवर कुणाच्याही हाती आलेला नाही, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. पहिल्या जागी ५२ पर्याय, दुसऱ्या जागी ५१, तिसऱ्या जागी ५० असा गुणाकार १ पर्यंत नेला, की उत्तर येते साधारण ८ वर ६७ शून्ये. मांडणीच्या रीती मोजण्याचे असे नियम भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’तल्या ‘अंकपाश’ प्रकरणात दिले. त्याच ग्रंथात संख्यास्थानांची नावे येतात ती परार्धापर्यंत, म्हणजे १ वर १७ शून्यांपर्यंत. एका कॅटच्या जवळपास पोचायला चार परार्धांचा एकमेकांशी गुणाकार करावा लागतो.

हा पल्ला वेळेत मांडून पाहू. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे. आजची आठ अब्ज माणसे तेव्हापासून दर सेकंदाला एकेक कॅट पिसत बसली असती आणि एकही क्रम दुसऱ्यांदा आला नसता, तरी एकूण क्रमांचा १ वर ४० शून्ये इतक्यांतला एक भागही धुंडाळून झाला नसता.

पोकरचा खेळाडू या महासागराच्या काठावर बसून काही सेकंदांत निर्णय घेतो. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि मधले पाच पत्ते सगळ्यांचे असतात: आधी तीन, मग चौथा, मग पाचवा. दोन पत्त्यांच्या जोड्या १,३२६. त्यातल्या एक्क्यांच्या फक्त सहा, म्हणून ती जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हाती येते. टेबलावर तासाला तीसेक डाव होतात असे धरले, तर सात तासांहून अधिक वाट पाहावी लागते. पाच पत्त्यांचे हात २५,९८,९६०. त्यांत रॉयल फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाचे दहापासून एक्क्यापर्यंतचे पाच पत्ते, अवघे चार.

या अफाट पसाऱ्यातून नेमक्या निर्णयापर्यंत कसे यायचे, हे एका डावात जवळून पाहू. तुमच्या हातात दोन बदाम आहेत. मधल्या चार पत्त्यांतही दोन बदाम आहेत. पाचवा पत्ता यायचा आहे. पॉटमध्ये, म्हणजे डावावर जमलेल्या पैशांत, १,००० रुपये होते. समोरच्याने ५०० लावले. तुम्ही ५०० भरायचे की पत्ते टाकायचे?

तुम्हाला न दिसलेले पत्ते ४६. त्यांत बदाम नऊ. बदाम आला, म्हणजे पाच बदाम जमले, तर डाव तुमचा, नाही आला तर गेला, असे धरू. हाच प्रसंग ४६ वेळा आला, तर सरासरी नऊ वेळा तुम्हाला १,५०० मिळतील, म्हणजे १३,५००. उरलेल्या ३७ वेळा ५०० जातील, म्हणजे १८,५००. तूट ५,००० रुपयांची. गणित सांगते, पत्ते टाका.

पण हिशेब इथे संपत नाही. बदाम आल्यावरही एक पैज लागायची असते. जिंकण्याच्या त्या नऊ वेळी समोरच्याकडून सरासरी आणखी ५५६ रुपये निघाले, तर तूट भरून निघते; त्याहून जास्त निघाले तर ५०० भरणे फायद्याचे ठरते. आता प्रश्न बदलला. टेबलावर तिसरा बदाम पडलेला दिसत असताना हा माणूस आणखी ५५६ रुपये भरेल का?

याचे उत्तर ४६ आणि ९ या आकड्यांत नाही. ते त्या माणसात आहे. मागच्या डावात धोका दिसताच त्याने पत्ते टाकले होते की हट्टाने पैसे भरले होते? आत्ता हरल्यामुळे चिडून खेळतोय का? पैज लावताना नेहमीपेक्षा घाई केली की रेंगाळला? अनुभवी खेळाडूचे मन अशा शेकडो खुणा एकदम तोलते आणि कौल देते. हाच मनाच्या कौलाचा खरा प्रांत. गणित प्रश्नाला ५५६ इतका नेमका करून देते आणि मन त्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर देते. नुसते ‘आतून वाटतंय’ म्हणणाऱ्याने प्रश्नच विचारलेला नसतो.

हूल देण्याचेही तसेच. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी पोकरची सोपी प्रतिरूपे घेऊन दाखवले, की हूल हा स्वभावाचा भाग नाही, गणितच ती मागते. शेवटी १,००० च्या पॉटवर ५०० लावत असाल, तर अशा चार पैजांत तीन खऱ्या आणि एक हूल असावी. मग समोरचा पैसे भरो किंवा पत्ते टाको, त्याला दीर्घकाळात फरक पडत नाही. माणसाला हे प्रमाण पाळणे जड जाते. एकदा हूल पकडली गेली, की तो बराच वेळ दबकून खेळतो, आणि समोरच्याला हे कळते.

यंत्रे तरी सगळे मोजतात का? २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी पैजेची रक्कम ठरलेल्या, दोघांच्या होल्डेमची उकल केली. त्या खेळातल्या स्थिती तीन परार्धांहून थोड्या अधिक. काम चालले ४,८०० प्रोसेसरांवर ६८ दिवस. पण पैजेची मर्यादा काढली, की दोघांच्या खेळातले निर्णयाचे प्रसंग १ वर १६१ शून्यांच्या घरात जातात. दृश्य विश्वातले अणू सुमारे १ वर ८० शून्ये. प्रत्येक अणूच्या जागी एकेक अख्खे विश्व कल्पिले, तरी हा आकडा त्यापुढेच राहतो.

तो मोजून संपत नाही. म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांच्या ‘लिब्रेटस’ या संगणक-प्रणालीनेही सारख्या वाटणाऱ्या स्थितींचे गट पाडले आणि त्यावर डावपेच रचले. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत त्याने चार नामवंत व्यावसायिकांशी २० दिवसांत १,२०,००० डाव खेळले आणि १७,६६,२५० डॉलर किमतीच्या चिप्स जिंकल्या. नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून तेच पत्ते दोन खेळाडूंना उलटसुलट बाजूंनी दिले जात. दिवसा माणसांनी नेमक्या पैजा लावून त्याच्या खेळातल्या फटी शोधल्या आणि रात्री त्याने त्याच फटी बुजवल्या. त्याला चेहरे दिसत नव्हते. त्याची खरी ताकद होती रोजच्या चुकीची निर्दय दुरुस्ती.

माणसाला नेमके इथेच अडते, कारण पत्ते प्रामाणिक शिक्षक नाहीत. एक्क्यांच्या जोडीने राजांच्या जोडीविरुद्ध सगळे पैसे लावणे अगदी योग्य. तरीही शंभरातून सुमारे १८ वेळा ती हरते. पुढचे गणित पाहा. दर १०० डावांमागे पाच बिग ब्लाइंड, म्हणजे डावाआधी भरायच्या मोठ्या सक्तीच्या रकमेच्या पाचपट, जिंकणारा चांगला खेळाडू घ्या आणि दर १०० डावांचा चढउतार ९० बिग ब्लाइंड धरा. १०,००० डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के राहते. १ लाख डावांनंतर ती चार टक्क्यांवर येते. तासाला ३० डावांच्या गतीने लाख डावांना ३,३०० हून अधिक तास लागतात. इतक्या काळात मन कितीतरी खोटे धडे शिकते: ‘आता माझी पाळी’, ‘हा पत्ता मला लाभत नाही’, ‘आज हात चालतोय’.

म्हणून मनाचा कौल टाकून देऊ नका, त्याला आकड्यांची शाळा लावा. पैसे भरण्याआधी किती टक्के हवेत ते काढा, समोरच्याबद्दलचा अंदाजही टक्क्यांत सांगा, आणि खेळ उठल्यावर दोन्ही लिहून ठेवा. डाव जिंकला की हरला याला त्या वहीत सगळ्यात कमी मोल द्या. शंभर-दोनशे नोंदी जमल्या, की आपले मन कुठे खरे ओळखते आणि कुठे आशेपोटी बोलते, हे दिसू लागते. ज्या माणसांबद्दल आपले अंदाज वारंवार खरे ठरतात, तिथे मनाचे ऐकावे. पुढच्या पत्त्याबद्दल मन काही सांगू लागले, तर त्याचे अजिबात ऐकू नये, कारण पिसलेल्या कॅटला आपली ओळख नसते.