कोरडे मेघ, वणवा आणि धूर : नेवाडाकडील उन्हाळ्याची अखेर

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांत जुलै, ऑगस्ट व सप्टेंबर या महिन्यांत जे वणवे लागतात, त्यांच्या बातम्या आतां आपल्याकडील वर्तमानपत्रांतूनही येऊं लागल्या आहेत. त्या बाजूस नोकरीनिमित्त राहिलेल्या आपल्या मुलाबाळांकडूनही "धुरामुळें चार दिवस दारें-खिडक्या लावून बसलों आहों" असें कळतें. बातमींत जळालेल्या एकरांचा आंकडा असतो, परंतु कारण बहुधा नसतें. शिवाय, गडगडाट करीत ढग आला असतां आग विझावयाची, ती उलट लागते कशी, ही शंका ज्या शेतकऱ्यानें वळवाचे ढग पाहिले आहेत त्यास आल्यावांचून राहणार नाहीं. तिचा उलगडा या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या देशाची स्थिति ध्यानांत घ्यावी. पॅसिफिक महासागरापासून आंत गेलें असतां सिएरा नेवाडा नांवाची डोंगरांची प्रचंड ओळ लागते. तिचीं कांहीं शिखरें चौदा हजार फुटांहून उंच आहेत. समुद्रावरून येणारे हिवाळी ढग आपलें बहुतेक पाणी व बर्फ या ओळीच्या पश्चिम अंगावर टाकितात, आणि पूर्वेकडे उतरणारी हवा कोरडी होऊन जाते. महाबळेश्वरचा पाऊस आणि माण-खटावचा पाऊस यांत जो भेद आहे, तोच हा. या पूर्वेच्या कोरड्या मुलखांत नेवाडा हें संस्थान वसलें असून संयुक्त संस्थानांपैकीं तें सर्वांत कोरडें आहे. सबंध संस्थानाची सरासरी वर्षाला सुमारें दहा इंच, आणि तेथील रीनो शहरीं तर साधारण सातच इंच पाणी पडतें. मात्र हें वाळवंट सपाट नव्हे. एकामागून एक डोंगर आणि मध्यें लांबट खोरीं अशी त्याची रचना आहे. बहुतेक भागांतील नद्या समुद्रास मिळत नाहींत. ट्रकी नदी टाहो सरोवरांतून निघते आणि पिरॅमिड सरोवरांत जाऊन संपते.

आपल्या मुलखाशीं एक मोठा फरक मात्र विसरतां कामा नये. आपल्याकडे गवत पावसाळ्यांत वाढतें व फाल्गुन-चैत्रांत वाळतें. त्यावर वळवाचे ढग येतात तेव्हां त्यांच्या पाठीमागें मृग उभा असतो. तेथें पाणी हिवाळ्यांत पडतें, गवत वसंतांत उगवतें आणि जून महिन्यांत पार वाळून जातें. पुढें तीन-चार महिने त्यावर नुसतें ऊन. गडगडणारे ढग येतात ते नेमके या दिवसांत.

हे ढग येतात कोठून? मेक्सिकोच्या वायव्येकडील डोंगरांवर व ॲरिझोना, न्यू मेक्सिको या संस्थानांवर जुलैपासून दक्षिणेचे बाष्पयुक्त वारे वाहूं लागतात. त्यांस तेथील हवामानशास्त्रज्ञ 'मॉन्सून' असेंच म्हणतात. अरबी 'मौसिम' या शब्दापासून निघालेलें हें नांव आपल्या समुद्रावरून तिकडे गेलें. ॲरिझोनांतील टूसॉन शहरास वर्षाचा जवळजवळ अर्धा पाऊस या वाऱ्यांपासून मिळतो. परंतु नेवाडापर्यंत येतां येतां त्यांचें बाष्प विरळ होतें. ढग बांधण्यापुरतें पाणी उरतें, जमीन भिजविण्यापुरतें उरत नाहीं.

सकाळीं आकाश निरभ्र असतें. दुपारपर्यंत डोंगरांचे उतार तापतात व त्यांना लागून असलेली हवा वर चढूं लागते. ती इतकी कोरडी असते कीं ढगाचा तळ जमिनीपासून दहा-बारा हजार फूट उंचीवर बनतो. त्यांतून पाऊस सुटला म्हणजे त्याच्या धारा ढगाखालीं झालरीसारख्या लोंबतांना दिसतात. पण वाटेंतील तप्त हवेंत थेंबांची वाफ होऊन जाते आणि जमिनीपर्यंत कांहींच पोंचत नाहीं. वीज मात्र पोंचते. एक दशांश इंचाहून कमी पाऊस देऊन पडणाऱ्या अशा विजेस तिकडे 'कोरडी वीज' म्हणतात.

येथवर गोष्ट सोपी आहे. आमच्या मतें अधिक घातक भाग पुढचा असून वर्तमानपत्रें तो सांगत नाहींत. मातीच्या माठांतील पाणी ज्या न्यायानें गार होतें, त्याच न्यायानें थेंबांची वाफ होतांना ढगाखालची हवा गार होते. गार हवा जड. ती वेगानें खालीं कोसळते आणि जमिनीवर आपटून चोहोंकडे पसरते. हा वारा तासाला पन्नास-साठ मैलांच्या वेगानें सुटूं शकतो, व ढगापासून कित्येक मैल दूर, जेथें डोक्यावर ऊन आहे अशा ठिकाणींही जाऊन थडकतो. वीज ठिणगी टाकिते. ती कोणत्या दिशेनें व किती धांवेल हें हा वारा ठरवितो, आणि तो आपली दिशा घटकेंत फिरवितो.

याचें अत्यंत दुःखद उदाहरण नेवाडाच्या आग्नेयेस लागून असलेल्या ॲरिझोनांत २०१३ सालीं घडलें. २८ जून रोजीं यार्नेल या लहानशा गांवाजवळच्या डोंगरावर वीज पडून आग लागली. आरंभीं ती क्षुल्लक होती. ३० जून रोजीं दुपारीं जवळच्या गडगडाटी ढगांतून सुटलेला वारा तिच्यावर आला व आगीची धांव एकदम उलटली. आग विझविण्यासाठीं गेलेल्या वीस जणांच्या शिक्षित तुकडीपैकीं एकोणीस जण तींत सांपडून मृत्यु पावले. टेहळणीवर ठेविलेला एकटा वांचला. आगीचें एकूण क्षेत्र सुमारें ८,४०० एकर, म्हणजे त्या देशाच्या मानानें ती मोठी आगही नव्हती.

उष्णता, ढग आणि धूर यांचा योग एकदम कसा जुळतो तें २०२० च्या ऑगस्टमध्यें दिसलें. १६ ऑगस्ट रोजीं नेवाडाच्या सीमेलगतच्या डेथ व्हॅली या खोलगट खोऱ्यांत १३० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ५४ अंश सेंटिग्रेड, उष्णता नोंदली गेली. त्याच सुमारास समुद्रावरील एका विरलेल्या वादळाचें बाष्प कॅलिफोर्नियावर सरकलें, व थोड्याच दिवसांत हजारों विजा पडून शेंकडों ठिकाणीं वणवे लागले. त्यांपैकीं कित्येक एकत्र मिळून जो एक महावणवा झाला, त्यांत दहा लाख एकरांहून अधिक रान जळालें.

कांहीं विजा तर झोपलेली आग ठेवून जातात. ४ जुलै २०२१ रोजीं कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेजवळ एका झाडावर वीज पडली. जागा खडकाळ, धूर थोडा. म्हणून वनखात्यानें माणसें न घालतां नुसती देखरेख ठेविली. बारा दिवस ती आग तशीच धुमसली, आणि १६ जुलै रोजीं वारा मिळतांच उठून तिनें पुढें सुमारें ६८,००० एकर रान जाळलें व सीमा ओलांडून नेवाडांत प्रवेश केला. त्या निर्णयावर तिकडे पुष्कळ टीका झाली. दुर्गम कड्यावर माणसांचे जीव धोक्यांत न घालणें हेंही चूक म्हणतां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें. पण टिपूर कोरडें रान असलेल्या वर्षीं बारा दिवस हा फार मोठा काळ झाला.

आतां शेतकऱ्याच्या दृष्टीनें मुख्य प्रश्न : जळतें तें काय? बातमींत सरसकट 'जंगल पेटलें' असें छापतात. सिएराच्या उतारावर पाइन-फरचें जंगल आहे हें खरें. परंतु नेवाडाच्या खोऱ्यांतून जळतें तें बव्हंशीं कुरण. मूळचें तेथील झाड म्हणजे सेजब्रश नांवाचें करड्या पानांचें, उग्र वासाचें झुडूप. आपल्या दवण्याच्याच कुळांतील. त्याच्या भोंवतीं देशी गवताचे ठोंब सुटे सुटे उगवत, मध्यें उघडी जमीन राही, व त्यामुळें वीज पडली तरी आग फारशी पसरत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोप-आशियाकडील बियाण्यांतून 'चीटग्रास' नांवाचें एक गवत तेथें शिरलें. नांवाचा अर्थच फसवें गवत. तें शरदांत उगवतें, वसंतांत वाढतें आणि जूनपर्यंत वाळून कागदासारखें होतें. ठोंबांमधील मोकळी जागा त्यानें भरून काढिली, आणि डोंगरापासून डोंगरापर्यंत जणूं एक वात अंथरली गेली. सेजब्रश एकदां जळालें कीं पुन्हां उभें राहण्यास कित्येक दशकें लागतात. चीटग्रास दुसऱ्याच वर्षीं अधिक दाट येतें. पूर्वीं जेथें पन्नास-शंभर वर्षांनीं आग लागे, तेथें आतां पांच-सात वर्षांनीं लागूं लागली आहे. ज्या वर्षीं वसंतांत पाणी चांगलें, त्या वर्षीं गवत जास्त, आणि म्हणून वणवाही मोठा. हा त्या मुलखाचा विपरीत हिशेब आहे.

जुलै २०१८ मध्यें नेवाडाच्या उत्तर भागांत पॅरडाइज व्हॅलीजवळ लागलेला मार्टिन वणवा याच गवतावर धांवला. त्याचें कारण वीज नसून माणूस होता. पण वाळलेलें गवत ठिणगीचें कुळ विचारीत नाहीं. त्यांत सुमारें ४,३५,००० एकर क्षेत्र जळालें. मोजणीच्या आंकड्यांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें आम्हीं त्याचा हिशेब करून पाहिला : आपल्याकडील साधारण दोन तालुके होतात. कित्येकांचीं गुरें मेलीं, कुंपणें गेलीं, आणि हिवाळ्याची चराई राख झाली. नेवाडांतील बहुतेक जमीन सरकारी असून १९३४ च्या कायद्यानें ती चराईस परवान्यावर देतात. जळालेल्या कुरणांत साधारणतः दोन हंगाम गुरें सोडूं देत नाहींत. नियम कडक आहे, पण नवे कोंब गुरांनीं खाल्ले तर तेथें चीटग्रासच राहील हें उघड आहे. मधल्या काळांत गुरें कशावर जगवावीं, ही विवंचना त्या पशुपालकाची.

धुराचा उपद्रव याहून दूरवर पोंचतो. तेथें वारा बहुधा पश्चिमेचा. म्हणून कॅलिफोर्नियांत पेटलेल्या रानाचा धूर सिएरा ओलांडून नेवाडाच्या खोऱ्यांत उतरतो. थंडीच्या सायंकाळीं आपल्या गांवावर चुलींचा धूर आडवा तरंगत राहतो, तसाच तो रात्रीच्या थंड हवेबरोबर खोऱ्यांत साचतो व वरच्या उबदार हवेचें झांकण बसल्यामुळें हलत नाहीं. ऑगस्ट २०२१ मध्यें काल्डोर वणवा सिएराचा माथा ओलांडून आला, ३० ऑगस्ट रोजीं टाहो सरोवराकांठचें साउथ लेक टाहो शहर रिकामें करावें लागलें, आणि त्या महिन्यांत रीनोच्या शाळा धुरामुळें कांहीं दिवस बंद राहिल्या. धुराचें पटल दाट झालें म्हणजे ऊन मंदावतें, दुपारची उष्णता कांहीं अंशांनीं उतरते व नवे गडगडाटी ढगही कमी बनतात. धुराचा उपकार एवढाच.

या धुरांतील अपायकारक कण अडीच मायक्रॉन व त्याहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारें पंचविसाव्या हिश्शाइतके असतात. ते नाकांत अडकत नाहींत. फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तोंडावर ओला रुमाल बांधण्याची आपली रीत त्यांस थांबवीत नाहीं; त्यासाठीं एन-९५ जातीचा मुखवटा लागतो. कॅलिफोर्नियानें २०१९ सालीं असा नियम केला कीं, धुरामुळें हवेचा निर्देशांक १५१ वा अधिक झाला असतां बाहेर राबणाऱ्या मजुरांस, शेतमजुरांसुद्धां, मालकानें असे मुखवटे पुरवावे. गुरांसही धुरानें ठसका लागतो व दुभत्या गाईंचें दूध घटतें. अशा वेळीं त्यांस हांकूं नये, पाणी मुबलक ठेवावें, असें तेथील पशुवैद्य सांगतात.

पिकाची गोष्ट राहिली. ट्रकी नदीवर १९०५ सालीं डर्बी धरण बांधून फॅलन गांवाकडे कालवा नेला, तेव्हांपासून त्या भागांत ओलिताची शेती वाढली. आजही नेवाडाचें मुख्य पीक लसूणघास हेंच आहे. ती कापून शेतांतच ओळींत वाळवितात व मग गठ्ठे बांधितात. धुरानें ऊन मंदावलें कीं वाळण्यास दिवस अधिक लागतात, आणि तेवढ्यांत चुकून एखाद्या ढगानें खरें पाणी दिलें तर कापलेल्या घासाचा कस धुऊन जातो. घाई करून ओलसर घासाची गंजी रचावी, तर ती आंतल्या आंत तापून आपोआप पेटते. आभाळाची आग टाळून कोठारांतील आग ओढवून घेतल्यासारखें होतें.

ढगानें खरोखर पाणी दिलें म्हणजे काय होतें तें ५ ऑगस्ट २०२२ रोजीं डेथ व्हॅलींत दिसलें. वर्षाला जेमतेम दोन इंच पावसाच्या त्या जागीं एका दिवसांत १.४६ इंच पाऊस कोसळला, रस्ते वाहून गेले व सुमारें हजार माणसें अडकून पडलीं. डोंगर नुकताच जळालेला असेल तर याहून वाईट. जळालेल्या झाडोऱ्यांतील मेणासारखा अंश मातींत उतरून थिजतो, त्यामुळें पाणी मुरत नाहीं, आणि राख, माती व धोंडे यांचा लोंढा खालच्या पाटांत व शेतांत येतो.

उपायांपैकीं शेतकऱ्याच्या हातचे दोनच आम्हांस महत्त्वाचे वाटतात. चीटग्रास हिरवें असतांनाच, म्हणजे वसंताच्या आरंभीं, रस्त्यांच्या व शेतांच्या कडेचे पट्टे गुरांकडून खाववून घेणें हा पहिला. वाळल्यावर तें गुरें नीट खात नाहींत. दुसरा उपाय शेजारच्या आयडाहो संस्थानांतला आहे. तेथें सरकारी बंब पोंचण्यास फार वेळ लागे, म्हणून २०१२ पासून पशुपालकांनीं आपापल्या भागांत आगनिवारक मंडळें काढिलीं. ट्रॅक्टर, पाण्याची टांकी व माणसें सभासदांचीं. शिक्षण, अंगावरील साधनें व बिनतारी यंत्रें यांस सरकारची मदत. आग दिसतांच जवळचा सभासद ट्रॅक्टर घेऊन निघतो व तिच्या वाटेंत जमीन नांगरून मातीचा पट्टा काढितो. निघण्यापूर्वीं तो प्रथम ढग कोठें आहे तें पाहतो. आणि वीज पडलेल्या डोंगराकडे पुढें बरेच दिवस लक्ष ठेवावें लागतें.