वेगमर्यादा-साधने, मोटारगाडीतील

वेगमर्यादा-साधने, मोटारगाडीतील : मोटारगाडीने विहित वेगमर्यादा ओलांडू नये म्हणून चालकास सावध करणाऱ्या, त्याच्या पायाला विरोध जाणवून देणाऱ्या किंवा इंजिनाचा इंधनपुरवठा कमी करणाऱ्या साधनांना ही संज्ञा लावता येते. रस्त्यावरील गतिरोधक, वेग टिपणारे कॅमेरे, पोलिसांची तपासणी इ. उपाय गाडीच्या बाहेरचे असून ठराविक जागीच लागू पडतात. गाडीतील साधन मात्र संपूर्ण प्रवासभर चालकाबरोबर असते. या साधनांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : (१) केवळ गाडीचा वेग जाणणारी व (२) गाडीचा वेग आणि त्या ठिकाणची वेगमर्यादा अशा दोन्ही गोष्टी जाणणारी. या दोहोंतील फरक सुरक्षिततेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

आवश्यकता : गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी ८० किमी. वरून १०० किमी. झाला, म्हणजे एक चतुर्थांशाने वाढला, तर गतिज ऊर्जा सु. ५६ टक्क्यांनी वाढते. चालकाचा प्रतिसादकाल १ सेकंद व कोरड्या रस्त्यावरील मंदन दर सेकंदास ७ मी./से. धरल्यास गाडी थांबण्यास लागणारे एकूण अंतर ताशी ५० किमी. वेगास सु. २८ मी., ८० किमी. वेगास सु. ५८ मी. आणि १०० किमी. वेगास सु. ८३ मी. येते. याचाच अर्थ असा की, एखादे मूल २८ मी. अंतरावर अचानक रस्त्यात आले, तर ५० च्या वेगाने जाणारी गाडी त्याच्यापाशी थांबते. ८० च्या वेगाने जाणारी गाडी मात्र त्याच ठिकाणी ताशी सु. ७३ किमी. वेगाने आदळते. कारण पहिल्या सेकंदातच तिने २२ मी. अंतर कापलेले असते. पावसाळ्यात रस्ता ओला असताना ही अंतरे आणखी वाढतात. उलटपक्षी, वस्तीतील १ किमी. अंतर ८० ऐवजी ५० च्या वेगाने कापल्यास केवळ २७ सेकंद अधिक लागतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सु. ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदलेले आहेत.

इतिहास : जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनास जोडलेला केंद्रोत्सारी वेगनियंत्रक हा या साधनांचा पूर्वज होय. फिरणारे गोळे वेग वाढताच बाहेर फेकले जाऊन वाफेची झडप अंशतः बंद करीत. हेच तत्त्व मोटारगाडीस सक्तीने लावावे, अशी मागणी अमेरिकेतील सिनसिनॅटी शहरात १९२३ मध्ये झाली. गाड्यांचा वेग ताशी २५ मैलांवर (सु. ४० किमी.) यांत्रिक रीतीने रोखावा, या मागणीच्या अर्जावर ४२,००० हून अधिक नागरिकांनी सह्या केल्या होत्या, परंतु मोटार-व्यवसायाने प्रखर विरोध केल्याने मतदानात ती फेटाळली गेली. लहानपणीच दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंते राल्फ टीटर यांनी वेग स्थिर राखणारी यंत्रणा शोधून काढली व क्रायस्लर कंपनीने ती १९५८ साली आपल्या इंपीरियल गाडीत बसविली. तिचा हेतू मुख्यत्वे चालकाचा आराम हा असला, तरी इंजिनावर आपोआप नियंत्रण ठेवण्याचा मार्ग तिने दाखविला. यूरोपात १९९२ च्या निर्देशानुसार अवजड मालमोटारींना ताशी ९० किमी. व मोठ्या बसगाड्यांना १०० किमी. मर्यादेचे वेगनियंत्रक सक्तीचे झाले.

स्वीडनमध्ये १९९९–२००२ या काळात उमेओ, बूर्लेंगे, लुंड व लिडशॉपिंग या चार शहरांत स्थानिक वेगमर्यादा ओळखणारी साधने हजारो गाड्यांवर बसवून पाहण्यात आली. मर्यादेचे पालन सुधारले आणि प्रवासाचा वेळ मात्र फारसा वाढला नाही, असे आढळले. यूरोपीय संघाने अशी साधने जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीची केली.

कार्यपद्धती : (१) वेगनियंत्रक : चाकाजवळील किंवा दंतचक्रपेटीवरील संवेदक प्रत्येक फेऱ्यास ठराविक विद्युत् स्पंद पाठवितो. स्पंदांच्या संख्येवरून वेग काढला जातो आणि तो ठरविलेल्या मर्यादेस पोहोचला, की नियंत्रण एकक इंधनपुरवठा कमी करते. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग वाढत नाही. मात्र हे साधन सामान्यतः ब्रेक लावीत नाही. त्यामुळे घाटाच्या उतारावर गुरुत्वाकर्षणाने गाडी मर्यादेपलीकडे जाऊ शकते. तेथे खालचा गिअर वापरून इंजिनाच्या विरोधाने वेग आवरणे हे चालकाचेच काम राहते.

(२) ठराविक वेगाची सूचना : यात वेग एका निश्चित आकड्यापलीकडे जाताच घंटी वाजते. इंधनावर कोणतेही नियंत्रण नसते. जपानमध्ये १९७० च्या दशकात गाड्यांत अशी घंटी असे. हे साधन स्वस्त व साधे आहे.

(३) स्थळानुरूप साधन : यात गाडीच्या काचेमागील कॅमेरा रस्त्याकडेच्या लाल वर्तुळातील आकडा वाचतो, कृत्रिम उपग्रहांच्या संकेतांवरून गाडीचे स्थान ठरते व अंकीय नकाशातील त्या जागेची मर्यादा त्याच्याशी ताडून पाहिली जाते. वेग अधिक असल्यास दृश्य सूचना व त्यापाठोपाठ आवाज किंवा कंप, ॲक्सिलरेटरचा पायाला विरोध किंवा इंजिनाच्या शक्तीत हळूहळू घट यांपैकी एक उपाय योजला जातो. चालकाने ॲक्सिलरेटर जोराने दाबल्यास यूरोपीय नियमांनुसार साधनाने माघार घ्यावी लागते. कारण ओलांडून पुढे जाताना मध्येच शक्ती कमी होणे धोक्याचे ठरू शकते. चालकास ते बंद करता येते. पण गाडी पुन्हा सुरू करताच ते आपोआप कार्यान्वित होते.

भारतातील तरतुदी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ अन्वये वेगमर्यादा ठरतात. सार्वजनिक सुरक्षितता व रस्त्याचे स्वरूप पाहून विशिष्ट भागात कमी मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११८ च्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०१५ पासून निर्माण झालेल्या परिवहन वाहनांना ताशी ८० किमी. मर्यादेचा, तर डंपर, टँकर, शाळेच्या बसगाड्या व घातक माल वाहणारी वाहने यांना ६० किमी. मर्यादेचा वेगनियंत्रक विहित झाला. दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, पोलिसांची वाहने इत्यादींना त्यातून वगळले होते. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींत वेगसूचक घंटी सक्तीची झाली. ताशी ८० किमी. च्या पुढे ती दर मिनिटास वाजते व १२० किमी. च्या पुढे अखंड वाजत राहते. अशा साधनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील महामार्ग : वरील दोन वर्गांतील फरक मुंबई–गोवा महामार्गाच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. पूर्वी १७ व आता ६६ क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग खारेपाटणपासून कणकवली, ओरोस, कुडाळ या मार्गाने बांद्याकडे जातो. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा स्वतंत्र झाल्यावर त्याचे मुख्य ठाणे सिंधुदुर्गनगरी (ओरोस) येथे या महामार्गालगतच वसविण्यात आले. चौपदरीकरणामुळे येथील रस्ता रुंद व सरळ झाला, त्याबरोबर वाहनांचा वेगही वाढला. परंतु वाड्या, शाळा, बाजार व कचेऱ्या यांकडे जाणारी माणसे हा रस्ता ओलांडतातच. मुख्य धोका अशा तिठ्यांवर व वस्तीजवळ असतो. तेथे मर्यादा ५० ची असली आणि गाडी ७५ च्या वेगाने जात असली, तरी ८० ला वाजणारी घंटी गप्पच राहते आणि ८० चा वेगनियंत्रकही हस्तक्षेप करीत नाही. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ही साधने उपयोगी पडतात. वस्तीतील पादचाऱ्यास मात्र त्यांचे संरक्षण मिळत नाही.

आंबोली, फोंडा, करूळ या घाटांतून जिल्ह्यात उतरणाऱ्या मालमोटारींच्या बाबतीत वर सांगितलेला उताराचा दोष लक्षात घ्यावा लागतो.

स्थळानुरूप साधनास येथे वेगळ्या अडचणी येतात. कणकवली शहरात उड्डाणपूल व त्याखालचा रस्ता नकाशावर एकाच जागी येतात. त्यामुळे केवळ उपग्रहाच्या संकेतांवरून गाडी वर आहे की खाली, हे ठरविणे कठीण असते. पावसाळ्यात वेलींनी झाकलेला, वाकलेला किंवा रंग उडालेला फलक कॅमेऱ्यास वाचता येत नाही. बांधकाम संपल्यावरही तात्पुरत्या मर्यादेचा फलक तसाच राहिला, तर साधन चुकीची सूचना देते.

मर्यादा : वारंवार अकारण वाजणाऱ्या घंटीकडे चालक दुर्लक्ष करू लागतो किंवा तिची जोडणीच तोडतो. वेगनियंत्रकाचे मोहोर फोडून मर्यादा वाढविण्याचेही प्रकार होतात. म्हणून योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी त्याची तपासणी आवश्यक असते. शिवाय वळण, धुके किंवा मुसळधार पाऊस असताना विहित मर्यादेतील वेगही अधिक ठरू शकतो, याचे ज्ञान बहुतेक साधनांना नसते. कायद्याने वेगाची जबाबदारी चालकावरच आहे.

स्थळानुरूप साधन उपयुक्त ठरण्यासाठी प्रत्येक रस्त्याची अधिसूचित मर्यादा एकत्रित नोंदलेली असणे, फलक त्या नोंदीशी जुळणारे व स्वच्छ राखलेले असणे आणि बदल होताच नकाशात दुरुस्ती होणे आवश्यक आहे. ही कामे गाडीच्या कारखान्यात होणारी नसून रस्ते बांधणाऱ्या व त्यांची निगा राखणाऱ्या यंत्रणांची आहेत. ती पार पडली, तर वस्तीतील व तिठ्यावरील पादचाऱ्यास आज न मिळणारे संरक्षण या साधनांपासून मिळू शकेल.